दोन पोरं, एक गाडी आणि स्पिती... पाठवू का?

सातारकरीण | १० मे, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, गाड्यांच्या विभागात पहिल्यांदाच येतेय. सांभाळून घ्या.

मला दोन मुलगे. थोरला एकोणीसचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा करतोय, शेवटची परीक्षा या महिन्यात संपेल. धाकटा सतरा पूर्ण, नुकतीच बारावी दिली. त्याला अठरा व्हायला सप्टेंबर उजाडेल. दोघांनी मिळून ('मिळून' हा शब्द महत्त्वाचा आहे, सांगते पुढे) ठरवलंय की जूनमध्ये मोटारसायकलवरून हिमाचलातल्या स्पितीला जायचं. दिल्लीपर्यंत गाडी रेल्वेने, तिथून सिमला, किन्नौर, काझा, कुंझुम खिंड, मनाली. सोळा दिवस. गाडी एकच, दोनशे सीसीची. थोरल्याने दोन वर्षं सुट्टीत वर्कशॉपात राबून पैसे जमवले आणि सेकंडहँड घेतली.

घरात नेहमीच्या उलट चाललंय. मी हो म्हणतेय आणि हे नाही. हे एसटीत चालक आहेत, बावीस वर्षं. यांचं म्हणणं, "रस्ता काय असतो ते मला विचार, यूट्यूबला नको."

माझ्या होकाराचं कारण लिहायला जरा संकोच वाटतो. ही पोरं एका खोलीत झोपतात, पण वर्षभरात त्यांचं बोलणं "चार्जर कुठाय" आणि "लाइट बंद कर" याच्यापुढे गेलेलं मी ऐकलेलं नाही. थोरला दहावीनंतर डिप्लोमाला गेला, धाकटा मार्कांत पुढे, आणि आमच्याकडे येणारे पाहुणे तोंडावर तुलना करणारे. गेल्या महिन्यात रात्री एक वाजता पाणी प्यायला उठले तर त्यांच्या खोलीतून हसण्याचा आवाज. दार लोटलं तर जमिनीवर नकाशा पसरलेला आणि दोघं पालथे. तो आवाज ऐकला म्हणून मी हो म्हणतेय, हे मलाही कळतंय. हे काही शहाणपणाचं कारण नव्हे. म्हणून तुम्हाला विचारतेय.

मिरचीवडा | १० मे, रात्री १०:३१

मी पयला! ताई, उत्तरं येतीलच, शंभर येतील आणि शंभर दिशांना जातील. मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

रानवाट | १० मे, रात्री ११:५०

ताई, तीनदा गेलोय, एकदा थेट नाशिकहून चालवत (पुन्हा नाही करणार, राजस्थानातल्या उन्हाने जीव घेतला होता).

पोरांनी सिमल्याकडून आत जायचं आणि मनालीकडून बाहेर यायचं ठरवलंय, म्हणजे अभ्यास केलाय. बरेच जण उलटं करतात, मनालीहून दुसऱ्याच दिवशी कुंझुम चढतात आणि काझ्याला डोकं धरून बसतात. किन्नौरकडून गेलं की उंची हळूहळू वाढते. नारकंडा २७०० मीटरच्या आसपास, मग कल्पा, नाको, ताबो, मग काझा. ताबोला एक रात्र घालवायला सांगाच. इ.स. ९९६ मधला मठ आहे, बाहेरून मातीचं ढेकूळ वाटतं, आत गेलं की भिंतींवरची चित्रं बघून माणूस गप्प होतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ताबो नाकोपेक्षा खाली आहे, शरीराला दम खायला मिळतो.

पेट्रोल रेकाँग पिओला भरायचं, मग काझ्याला. काझा ते मनाली साधारण दोनशे किलोमीटर, मध्ये पंप धरूच नका. लोसर सोडलं की ग्रांफूपर्यंत फोनची रेंजही धरू नका. आणि हो, प्रीपेड सिम बंद पडतं ते लडाखात, हिमाचलमध्ये चालतं. हा प्रश्न पुढे कोणीतरी विचारणारच.

आता मुद्दा. किन्नौरची बाजू पोरं आरामात काढतील. खरी परीक्षा कुंझुम ते ग्रांफू. तो रस्ता म्हणजे नदीचं पात्र आहे, ज्यावर कोणीतरी सरकारी पाटी लावलीय.

कलमबहाद्दर | ११ मे, सकाळी ७:०५

रस्त्याचं नंतर. धाकट्याच्या हातात हँडल जाणार नाही याची खात्री आधी करा. मोटार वाहन कायद्यानुसार गिअरच्या गाडीला अठरा पूर्ण लागतात. सोळाला मिळतं ते फक्त पन्नास सीसीपर्यंतचं. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९अ आलं. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. "रिकामा रस्ता आहे, दहा मिनिटं घे" हे वाक्य थोरल्याने तोंडातून काढायचं नाही. विमा कंपनीही हात वर करेल.

काडीपेटी | ११ मे, सकाळी ९:२०

सगळं रीलसाठी चाललंय. कुंझुमवर हात पसरून फोटो, खाली इंग्रजीत दोन ओळी आत्मशोधाच्या. आपल्या वेळी भाऊ-भाऊ शेतात एकत्र राबायचे, त्यात व्हायचे मोठे. त्यासाठी साडेचार हजार मीटर चढावं लागत नव्हतं.

आबा_कराडकर | ११ मे, सकाळी ११:४४

काडीपेटी, तुमच्या वेळी म्हणजे कधी? माझं वय ७३. आपल्या वेळीही पोरं पळायचीच. आपल्या आधीसुद्धा. १९२३ साली मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी तो पूर्ण केला, परत आले १९२८ मध्ये. ना फोन, ना नकाशे धड. वाळवंट, बर्फ, जंगल सगळं तुडवलं. त्यांच्या आयांनी कुठल्या धाग्यावर विचारलं असेल?

मी आणि माझा भाऊ १९७० च्या सुमारास कराडहून रत्नागिरीला सायकलवर गेलो होतो, कुंभार्ली घाट उतरून. घाटात ब्रेकची रबरं जळाली. आजही भावाशी शेताच्या बांधावरून बोलणं बंद आहे, पण त्या रबराच्या वासाचा विषय निघाला की दोघं हसतो. (म्हणजे कोणी तिसऱ्याने काढला की.)

स्टेथो | ११ मे, दुपारी ३:१०

डॉक्टर म्हणून लिहितो. कळसूबाई १६४६ मीटर. तिच्या डोक्यावर दुसरी कळसूबाई ठेवली तरी काझ्याची उंची गाठत नाही. आणि विरळ हवेला तुमचा मुलगा रोज किती जोर मारतो याच्याशी घेणंदेणं नाही. उलट तरुण पोरं जास्त अडकतात, कारण डोकं दुखतंय हे कबूल करायला लाजतात.

डोकेदुखी, मळमळ, भूक मेली, झोप नाही, एवढ्यावर असेल तर तिथेच थांबायचं, वर चढायचं नाही. बरं वाटेपर्यंत. वाढत गेलं तर खाली उतरायचं, रात्र असली तरी. एक सोपी चाचणी शिकवून ठेवा. जमिनीवर सरळ रेष ओढायची आणि टाचेला बोट लावत तिच्यावरून चालायचं. तोल गेला, किंवा बसल्याजागी धाप लागते आहे, तर तो 'थोडा त्रास' नव्हे, ताबडतोब खाली. ही चाचणी स्वतःची स्वतः घ्यायची नाही, दुसऱ्याने घ्यायची. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

धुळीची_राणी | ११ मे, रात्री ९:०२

मी दोन वर्षांपूर्वी एकटी गेले होते, त्यामुळे एका गाडीवर दोघं हे वाचून माझ्याच क्लचप्लेट दुखायला लागल्या.

हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद जाते असा ढोबळ हिशोब धरा. म्हणजे कुंझुमवर तुमची दोनशे सीसी जेमतेम सव्वाशेसारखी वागणार, वर दोन माणसं आणि सामान. थोरला अर्धा क्लच दाबून रेटत बसला तर वास येईल आणि मग फक्त वासच उरेल. उपाय एकच. मागच्याने उतरायचं आणि चालायचं. त्या उंचीवर चालणं हे वेगळं प्रकरण आहे, धाकट्याला आत्ताच कल्पना द्या की त्याने स्पितीचा बराच भाग पायी बघायचाय.

रस्त्यात आडव्या येणाऱ्या नाल्यांचं: बर्फ दिवसभर वितळतो, पाणी दुपारनंतर चढतं. पहाटे जिथे बूट ओले होत नाहीत तिथेच तीन वाजता गुडघा बुडतो. कुंझुमपलीकडच्या बातलहून सकाळी सहाच्या आत निघायचं. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं पण मला येत नाही.

सातारकरीण | १४ मे, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. हे काही बोलले नाहीत. मग जेवताना एकदम सावित्रीचा विषय काढला.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र तुम्हाला आठवत असेल. महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला आणि त्याच्यासोबत दोन एसटी. हे त्या मार्गावर नव्हते. पण त्यानंतर बरेच दिवस पावसाळ्यात ड्यूटीवरून आले की आंघोळ न करता नुसते बसून राहायचे. हे मी पोरांना कधी सांगितलं नव्हतं. यांनी परवा सांगितलं. म्हणाले, "पाण्याला वेळापत्रक नसतं. तळ दिसत नसेल तर गाडी थांबवायची, उतरायचं, चालून बघायचं. चालता येत नसेल तर चालवताही येत नाही. हे मान्य असेल तर जा."

थोरला हो म्हणाला. धाकट्याने ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं. थोरल्याला हसू आलं.

तर पाठवतेय. १२ जूनला निघतील.

मिरचीवडा | १५ मे, सकाळी ८:१०

ताई, पॉपकॉर्न बाजूला ठेवला. शुभेच्छा पोरांना.

रानवाट | १५ मे, सकाळी ८:५५

रेल्वेच्या पार्सलसाठी: टाकी पूर्ण रिकामी, आरसे काढून बॅगेत, आरसी आणि विम्याच्या झेरॉक्स चार-चार, गोणपाटात बांधून घ्यायची आणि नावपत्ता स्वतःच्या अक्षरात दोन ठिकाणी. आपण पोचलो की गाडीही पोचलीच असं समजू नका, दिल्लीत एक दिवस राखीव ठेवा. आणि दिल्लीहून पहाटे चारला निघा, अंबाल्यापर्यंत ऊन माणसाला भाजून काढतं.

क्लचची आणि अ‍ॅक्सिलरेटरची जादा केबल, दोन ट्यूब, टामी, पंप. स्पोकच्या चाकाला ट्यूब असते, पंक्चर रस्त्यावर काढायला घरी दोनदा सराव. थोरला वर्कशॉपवाला आहे, पण धाकट्याकडूनही करून घ्या.

सातारकरीण | १९ जून, रात्री ८:४०

ताबोहून फोन आला. ठीक आहेत. धाकटा पंधरा मिनिटं बोलला, थोरला "हं, जेवलो, ठेवतो." म्हणजे सगळं नेहमीसारखं.

सातारकरीण | २६ जून, दुपारी १:१५

काझ्याहून २४ ला निघाले, लोसरला मुक्काम केला. २५ ला संध्याकाळी मनालीला पोचून फोन करणार होते. आला नाही. रेंज नसते हे तुम्ही लिहिलं होतं, ते मी सकाळपासून चार वेळा वाचलं. हे ड्यूटीवर गेलेच नाहीत, अंगणात खुर्ची टाकून बसलेत.

धुळीची_राणी | २६ जून, दुपारी १:४०

ताई, एक दिवस उशीर तिकडे उशीर धरतच नाहीत. बातल किंवा छत्रूला थांबले असतील. तिथे ढाबे आहेत, रजया आहेत, इतर गाडीवाले असतात. मी थांबले होते दीड दिवस.

सातारकरीण | २६ जून, दुपारी ४:०५

आला फोन!!!! सिस्सूजवळून. दोघं सुखरूप. बाकी ते आल्यावर.

मागच्या_सीटवरून | ६ जुलै, रात्री ११:५८

नमस्कार. मी धाकटा. आई म्हणाली तूच लिही, मला फोनवर निम्मंच सांगितलंस. (तिला निम्मंही सांगितलं नव्हतं.)

मागच्या सीटवरून स्पिती कसं दिसतं? डावीकडे दिसतं आणि उजवीकडे दिसतं. समोर हेल्मेट. दादाच्या हेल्मेटला मागून एक ओरखडा आहे, अगदी कोकणपट्टीसारखा, वर डहाणू, खाली वेंगुर्ला. सोळा दिवस मी तो पाठ केला.

नारकंड्यापर्यंत भांडण झालं नाही कारण बोलणंच झालं नाही. कल्प्याला पहिलं झालं. साखळी पुसून तेल घालायचं काम माझं, असं त्याने मला न विचारता ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं मी नोकर नाही. तो म्हणाला मग चालव तू. हे त्याने मुद्दाम म्हटलं, कारण मला चालवता येत नाही हे त्याला माहीत होतं. म्हणजे येते, पण चालत नाही. (कलमबहाद्दर काका, सोळा दिवसांत एकदाही हात लावला नाही. नोंद घ्यावी.) रात्री मी साखळीला तेल घातलं, पण त्याच्याशी बोललो नाही.

ताबो, ढंकर, काझा याबद्दल लोकांनी खूप लिहून ठेवलंय, मी लिहीत नाही. हिक्कीमच्या पोस्टातून आईला कार्ड टाकलं, पिनकोड घालायला विसरलो, अजून आलेलं नाही.

लांग्झाच्या चढावर गाडीने पहिल्या गिअरमध्ये मान टाकली. दादा म्हणाला, उतर. मी उतरलो आणि चाललो. चाळीस पावलं की थांबायचं, गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घ्यायचा, परत चाळीस. तो वळणावर पुढे जाऊन थांबायचा. पहिल्या दिवशी वरून हॉर्न वाजवायचा, लवकर ये म्हणून. दुसऱ्या दिवशी नुसता थांबला. तिसऱ्या दिवसापासून मी वळणावर पोचलो की गाडी बंद असायची आणि तो पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून, बाटली पुढे धरून उभा असायचा. तोंडाने काही नाही. लांग्झाला जमिनीत शंखशिंपल्यांचे दगड सापडतात, समुद्र होता म्हणे तिथे. गावातली मुलं विकायला आणतात, आम्ही घेतले नाहीत, नुसते हातात धरून बघितले.

काझ्याला डोकं दादाचं दुखलं, माझं नाही. हे त्याला फार लागलं. जेवला नाही, ओकला, आणि "उन्हामुळे" म्हणत राहिला. स्टेथोकाकांची रेषेची परीक्षा मी होमस्टेच्या अंगणात त्याच्याकडून तीनदा घेतली. तीनदाही नीट चालला, पण तोंड असं की मला त्या रेषेवरच गाडेल. दोन दिवस तिथेच थांबलो. बरं वाटलं. पण राखीव दिवस संपले आणि दिल्लीहून परतीचं आरक्षण २८ चं. पुढचं सगळं त्यातून झालं.

२५ ला लोसरहून सकाळी सहाला निघायचं होतं. मागचं चाक बसलेलं. ट्यूब काढली, बदलली, ती व्हॉल्व्हजवळ चिमटली, परत काढली. साडेदहा वाजले. कुंझुमला देवीच्या देवळाला गाडीसकट प्रदक्षिणा घातली, सगळेच घालतात. बातलला दीड वाजता. ढाब्यावरचे आजोबा म्हणाले, "आज मत जाओ, पानी आ गया होगा." धुळीची राणी यांनी लिहिलेलं मी दादाला दाखवलं, स्क्रीनशॉट होता. तो म्हणाला अजून पाच तास उजेड आहे.

पाचसहा किलोमीटरवर तो नाला. पाणी चहाच्या रंगाचं. आवाज असा की एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. आतून दगड एकमेकांवर आपटत होते, ते पायांना कळत होतं. मी उतरलो आणि म्हटलं तळ दिसत नाहीये. तो म्हणाला बस. मी म्हटलं पप्पांनी काय सांगितलं होतं. तो म्हणाला, "पप्पा इथं नाहीत." मी म्हटलं मी नाही बसणार, मी चालत बातलला जातो. खरंच चार पावलं गेलो. वाटलं तो थांबेल.

त्याने एकट्याने गाडी घातली.

मध्यावर पुढचं चाक अडलं आणि गाडी उजव्या अंगावर आडवी. तो खाली, पाय मोकळा होता म्हणून बरं. मी कधी पाण्यात गेलो ते आठवत नाही. मांडीपर्यंत होतं आणि इतकं गार की थोड्या वेळाने पाय आहेत की नाहीत कळेना. उचलली, ढकलली, आमच्याच काठाला आणली.

काठावर आल्यावर त्याचा अंगठा सेल्फच्या बटणावर गेला आणि तिथेच थांबला. म्हणाला, "आत पाणी असलं तर रॉड वाकेल." मग प्लगचा पाना शोधला. पाना बॅगेच्या तळाशी. सगळं सामान दगडांवर. आईची शेंगदाण्याची चटणी, माझा स्वेटर, चार-चार झेरॉक्स, सगळं. त्याच्या हातात पाना धरवेना, बोटं वळत नव्हती. मी प्लग खोलला. तो सांगत होता, मी करत होतो. सेल्फ मारला तर प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी, माझ्या छातीवर. चौथ्यांदा कोरडी हवा आली. फिल्टर काढून झटकला, दगडावर वाळत ठेवला. प्लग माझ्या कोरड्या मोज्याने पुसला. पाऊणएक तासाने गाडी सुरू झाली. दोघांपैकी कोणी ओरडलं नाही. परत बातलला जाताना मी मागे बसलो तर त्याची पाठ थरथरत होती. थंडीने असेल.

रात्री ढाब्यातल्या रजईत तो म्हणाला, "पप्पांना सांगू नको." मी हं म्हटलं. बऱ्याच वेळाने, मला वाटलं झोपला, तर म्हणाला, "नको, मीच सांगतो."

सकाळी साडेपाचला त्याच नाल्याशी. पाणी घोट्याएवढं, तळाचे गोटे मोजता येतील इतकं स्वच्छ. काल तिथेच होता का हा नाला असं वाटलं. मी काठी घेऊन पलीकडे चालत गेलो. तो अलीकडे गाडी चालू ठेवून उभा. ओरडून म्हणाला, "कुठून आणू ते सांग."

मी हात केला तिकडून त्याने आणली.

सिस्सूला रेंज आली तेव्हा त्याने पप्पांना सगळं सांगितलं, माझ्यासमोर. पप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "इंजिन ऑइल बघितलंस का?"

बघितलं. दुधाच्या चहासारखं झालं होतं.

आबा_कराडकर | ७ जुलै, सकाळी ६:२०

पोरा, "पप्पा इथं नाहीत" पाशी मी चष्मा काढून ठेवला. आज भावाकडे जाऊन येतो. बांधाचं नाही काढणार.

रानवाट | ७ जुलै, सकाळी ९:४०

ऑइल मनालीत बदललं ना? एकदा बदलून भागत नाही, पाणी कोपऱ्यात राहतं. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर परत बदला, फिल्टरसकट. पुढच्या चाकाच्या बेअरिंगमध्येही चिखल गेला असेल, हलवून बघा. अन् ढाब्यावरचा माणूस थांब म्हणाला की थांबायचं, त्याचा त्यात रजईचे दोनशे रुपये सोडून काही स्वार्थ नसतो. हे थोरल्याला.

काडीपेटी | ७ जुलै, सकाळी १०:१५

रील कुठाय?

मागच्या_सीटवरून | ७ जुलै, दुपारी ४:३०

रील नाही. पाण्यात दादाचा फोन गेला, फोटो त्यातच होते. माझ्या फोनवर सतरा फोटो आहेत, त्यातले अकरा हेल्मेटच्या ओरखड्याचे.

रानवाट, मनालीत बदललं, घरी आल्यावर पुन्हा बदललं. दुसऱ्यांदा मी बदललं, तो शेजारी बसून चुका काढत होता.

सातारकरीण | ७ जुलै, रात्री १०:५०

हे सगळं मला इथंच कळलं. पोराने निम्मं सांगितलं म्हणतो, पाव होतं ते. यांना मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि यांनीही मला सांगितलं नाही. तिघांशी बोलणार आहे.

आरक्षण बुडालं ते बुडालं, तत्काळमध्ये आले. विचाराल म्हणून लिहिते, पोरं आता फार बोलतात असं काही नाही. पाहुणे आले होते परवा, तुलना सुरू झाली. धाकटा मध्येच म्हणाला, "काकू, पाण्यात पडलेली गाडी चालू करता येते का तुमच्याकडे कोणाला?" काकूंना काही कळलं नाही. थोरला उठून आत गेला, पण हसत होता.

पेठेतली_सून | पुढच्या वर्षी, २ मे, सकाळी ११:००

धागा वर काढतेय. माझी लेक वीस वर्षांची आणि तिची मावसबहीण एकोणीसची, दोघी दोन गाड्यांवर याच वाटेने जूनमध्ये निघताहेत. नाल्यांचं वाचून पोटात गोळा आलाय. जाऊन आलेल्यांनी अजून काही सांगावं.

मागच्या_सीटवरून | ३ मे, रात्री १२:२०

काकू, दोन गाड्या आहेत हे उत्तम, एक अडली तर दुसरी ओढते. लोसरला चाकाची हवा रात्रीच बघायला सांगा, सकाळी नको. बातलला मुक्काम आधीच धरून चाला, वेळ झाला तर थांबू असं नको. परतीचं आरक्षण दोन दिवस पुढचं काढा.

माझं लायसन नोव्हेंबरमध्ये आलं. या वर्षी आम्ही परत जाणार होतो, अर्धं अंतर मी, अर्धं दादा. पण त्याला चाकणला नोकरी लागली, रजा नाही. दिवाळीत कुंभार्ली घाट उतरून रत्नागिरीला जातोय. आबांनी ब्रेक बघून घ्या म्हणून निरोप पाठवलाय.

आणि प्लगचा पाना बॅगेच्या तळाशी ठेवू नका म्हणावं. वर, बाजूच्या कप्प्यात.